रेशमावर पडलेले तपकिरी थेंब

पत्र थोडक्यात : पुण्याजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या एक ताई सहा वर्षांपासून घरी ब्लाऊज शिवतात. महिन्याला पंधरा-वीस, लग्नसराईत त्याहून जास्त. गेल्या दिवाळीत यजमानांनी त्यांच्यासाठी १६०० वॅटची स्टीम इस्त्री आणली. पण तीच इस्त्री सकाळी ऑफिसच्या शर्टांना आणि मुलाच्या गणवेशालाही लागते आणि काम झालं की बेडरूमच्या कपाटात जाते. फेब्रुवारीत शेजारणीच्या फिकट पीच रंगाच्या रेशमी ब्लाऊजवर शेवटची इस्त्री फिरवताना तपकिरी पाणी गळलं आणि पाठीवर चार डाग पडले. ‘रेशीम म्हणून डायल मुद्दाम अगदी कमी ठेवला होता, तरी असं झालं,’ असं त्या लिहितात. कापडाचे पैसे भरून द्यावे लागले. तेव्हापासून वाफ बंद. इस्त्री कोरडीच, तीही ब्लाऊज पूर्ण झाल्यावर एकदाच. ‘शिलाई सरळ असते, माप चुकत नाही, तरी ब्लाऊज घरगुती दिसतो असं गिऱ्हाइकं म्हणतात. टक्सपाशी (गोलाईसाठी शिवलेल्या चुणीपाशी) फुगतं, गळ्याची कड उभी राहते. टेलरकडे असते तशी वर बाटली टांगलेली इस्त्री घेऊ की उभा स्टीमर? हे म्हणतात, आहे ती वापर. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कोळशाच्या इस्त्रीवर सगळं व्हायचं. की माझ्या हातातच फिनिशिंग नाही?’

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात घोळत राहिला तर पुढचं काही पोचणार नाही. सहा वर्षं ज्या हाताची शिलाई सरळ येते आणि माप चुकत नाही, त्या हातात कसर आहे असं मला वाटत नाही. मी बरीच वर्षं शिवणवर्ग घेतले. ज्यांना खरंच हात नसतो त्यांची तक्रार वेगळी असते. बाही फिरते, खांदा उतरतो, दोन बाजू सारख्या येत नाहीत. टक्सपाशी फुगणं आणि गळ्याची कड उभी राहणं ही इस्त्रीची दुखणी आहेत. इस्त्री कोणती आहे यापेक्षा ती कधी आणि कशी लागते, त्याची.

फेब्रुवारीत काय झालं ते तुमच्या पत्रातच आहे. स्टीम इस्त्रीच्या टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं तळाच्या गरम प्लेटवर पडतं आणि पडताक्षणी त्याची वाफ होते. घावनाचा तवा तापला की नाही हे आपण पाण्याचा शिपका मारून बघतो, तसंच हे. तवा तापलेला असेल तर पाणी चर्रकन उडून जातं, नसेल तर तिथेच पसरतं. डायलवरच्या ठिपक्यांना अर्थ आहे. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, सिंथेटिकसाठी. दोन म्हणजे १५०, रेशीम आणि लोकरीसाठी. तीन म्हणजे २००, सुती आणि लिननसाठी. बहुतेक घरगुती इस्त्र्यांची वाफ दोन ठिपक्यांच्या पुढेच नीट बनते. डायलभोवती वाफेची खूण काढलेली असते, ती कुठून सुरू होते ते एकदा बघा. तुम्ही रेशमाच्या काळजीनं डायल खाली आणलात, पण वाफेची कळ उघडीच राहिली. पाण्याची वाफ झालीच नाही, ते तसंच भोकांतून खाली आलं. म्हणजे ज्या काळजीपोटी तुम्ही तापमान कमी केलंत तिच्यामुळेच पाणी गळलं. हे इस्त्री विकणारे सांगत नाहीत, आणि सोबतची पुस्तिका आपण खोक्यातच ठेवतो.

आता ते पाणी तपकिरी का होतं? पत्रात एका ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की सोसायटीला टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं आणि इस्त्रीतलं पाणी तुम्ही कधी ओतून टाकत नाही, संपेल तसं भरता. तुमच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा कडक थर बसत असेल. तोच क्षार इस्त्रीच्या आत बसतो. त्यात सकाळच्या शर्टांचा स्टार्च आणि कापडाचे तंतू तळाच्या भोकांत शिरून करपतात. मग कधीतरी हे सगळं मिळून गढूळ थेंब बनून बाहेर पडतं, आणि पडतं नेमकं फिकट रेशमावर, कारण कमी तापमानाला आपण तिथेच जातो.

ही इस्त्री टाकून द्यायची गरज नाही, तिला आधी साफ करा. बहुतेक स्टीम इस्त्र्यांना सफाईची कळ असते. टाकी खुणेपर्यंत भरा, डायल सर्वांत वर न्या, इस्त्री पूर्ण तापू द्या. मग प्लग काढून ती मोरीवर किंवा सिंकवर आडवी धरा आणि कळ दाबून ठेवा. उकळतं पाणी आणि वाफ जोरात खाली येते, म्हणून बाहीचा गाऊन घाला आणि मुलाला लांब ठेवा. धरलेली इस्त्री हळूच पुढे-मागे हलवा. पहिल्यांदा चहाच्या चोथ्यासारखं पाणी आणि पांढरे कण पडतील. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोनदा, तीनदा करा. नंतर इस्त्री परत तापवून जुन्या टॉवेलवर फिरवा, म्हणजे उरलेलं निघून जाईल. महिन्यातून एकदा हे करायचं, तुमच्या पाण्याला पंधरा दिवसांनी. व्हिनेगर टाका असं पुष्कळ जण सांगतात. कित्येक इस्त्र्यांच्या पुस्तिकेत त्याला स्पष्ट मनाई असते, कारण आम्लानं आतले भाग आणि रबरी वॉशर खराब होऊ शकतात. तुमच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पाणी मात्र बदला. घरात आरओचं पाणी असेल तर ते टँकरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. नाहीतर डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, आणा. गाडीच्या बॅटरीत घालायला मिळतं ते हेच, पण कॅनवरचं लेबल वाचून घ्या. बॅटरीचं ॲसिडही त्याच दुकानात मिळतं आणि त्याचा एक थेंबही इस्त्रीत जाता कामा नये. काही कंपन्या निव्वळ डिस्टिल्ड नको, नळाच्या पाण्यात निम्मं मिसळा असं सांगतात. तुमच्या पुस्तिकेत जे असेल ते पाळा. गुलाबपाणी, अत्तर, कंफर्टचं पाणी टाकीत नको. एसीतून गळणारं पाणीही नको, त्यात धूळ असते. आणि काम संपलं की इस्त्री कोमट असतानाच उरलेलं पाणी ओतून टाका, वाफेची कळ बंद करा आणि इस्त्री उभी ठेवा. एवढी एक सवय लागली तर तपकिरी थेंबांची निम्मी भीती जाईल.

आता मुख्य गोष्ट. ब्लाऊज पूर्ण झाल्यावर एकदा इस्त्री फिरवायची, असं तुम्ही धरून चालला आहात. घरात आपण इस्त्री बघतो ती तशीच. कपडा धुतला, वाळला, चुरगळला, म्हणून इस्त्री. शिवणात तिचं काम वेगळं आहे. तिथे ती सुरकुती घालवायला नसते, कापडाला आकार द्यायला असते. अस्तर लागलं, बाही बसली, हूकपट्टी झाली, की आतल्या शिलाया दोन थरांच्या मधे बंद होतात. मग बाहेरून कितीही जोर लावा, वाफ कितीही महागाची असो, आतली मार्जिन, म्हणजे शिलाईबाहेर उरलेली कापडाची कड, वाकडीच राहते आणि वरून तिचा उठाव दिसतो. गिऱ्हाइकांना त्याचं नाव सांगता येत नाही. म्हणून त्या ‘घरगुती दिसतं’ म्हणतात.

एक टक्स घेऊ. तुम्ही तो शिवलात, टोकाशी धागा उलटा न घेता नुसती गाठ मारलीत. आता उलगडू नका. जसा शिवला तसाच दुमडलेला इस्त्रीखाली ठेवा आणि शिलाईच्या ओळीवरून दाबा. फिरवू नका. ठेवा, तीन-चार सेकंद थांबा, उचला, पुढे ठेवा. यानं टाका कापडात बसतो, शिलाई जी जराशी दोरीसारखी वर आलेली असते ती सपाट होते. इस्त्री टक्सच्या टोकापाशी थांबवायची. टोकाच्या पुढे गेली तर तिथे एक खोटी घडी बसते आणि ती सुलट बाजूनं कायम दिसते. मग भाग उलगडा आणि गोलाईवर, म्हणजे ठासून भरलेल्या गोल उशीवर, ठेवा. सपाट टेबलावर नाही. टक्स कशासाठी घातला? सपाट कापडाला फुगीर करण्यासाठी. तो पुन्हा सपाट टेबलावर दाबला तर आपण आपलंच काम मोडतो, आणि तुमचं टोकाशी फुगणं तिथूनच येतं. गोलाईवर ठेवून उभ्या टक्सचं कापड मध्याकडे, आडव्या टक्सचं खाली वळवा आणि उलट्या बाजूनं पुन्हा ठेवा-थांबा-उचला. रेशमाला मार्जिनची कड सुलट बाजूला उमटते. ती उमटू नये म्हणून टक्स आणि ब्लाऊजच्या मधे साध्या कोऱ्या कागदाची पट्टी सरकवा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

गोलाई विकत आणायची गरज नाही. घट्ट विणीच्या जुन्या सुती कापडाची नारळाएवढी लांबट पिशवी शिवा, सुताराकडचा बारीक भुसा चाळून, उन्हात वाळवून तिच्यात ठासून भरा. अगदी ठासून, बोटानं दाबली तर खड्डा पडता कामा नये. रंगीत लाकडाचा भुसा घेऊ नका, वाफेनं रंग उतरतो. बाहीच्या शिलाईसाठी लाटण्याला पांढरं सुती कापड गुंडाळा. शिलाई लाटण्याच्या माथ्यावर येते, मार्जिन दोन्ही बाजूंना खाली उतरते, त्यामुळे तिची कड वर उमटत नाही. पोळ्यांचं लाटणं मात्र वेगळं ठेवा.

गळ्याचंही तसंच. पट्टी लावून शिलाई झाली की मार्जिन कापून बारीक करा, गोलाईला कट मारा आणि उलटण्याच्या आधी त्या शिलाईवर एकदा इस्त्री दाबा. मग मार्जिन पट्टीकडे वळवून दाबा, पट्टीवर मार्जिनसकट एक शिलाई टाका, आणि तेव्हा कुठे उलटा. उलटताना शिलाई धाग्याभर आत घ्यायची आणि आतल्या बाजूनं दाबायची. मधल्या या दोन दाबांना मिळून दोन मिनिटं लागत नाहीत. क्रॉस पट्टी आणि पायपिंगवर इस्त्री कधीही ओढू नका. तिरकं कापड वाफेत ताणलं जातं आणि गळा लोंबतो. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडलेल्या, शिलाईवर फक्त मार्जिन दाबायची, बाहीवर इस्त्री जाऊ द्यायची नाही.

दाबल्यावर थांबणंही तितकंच महत्त्वाचं आहे. सुती कापडाला ओल आणि उष्णता मिळाली की तंतूंतले धरून ठेवणारे बंध सैल होतात, आणि कापड थंड व कोरडं होताना ज्या आकारात असतं त्याच आकारात ते पुन्हा जुळतात. गरम, दमट भाग तसाच उचलून मशीनखाली नेलात तर हातात जो मुरड पडेल तोच पक्का होईल. दहा-पंधरा सेकंद जागेवर राहू द्या. सुताराकडून न रंगवलेला, पॉलिश नसलेला, कडा घासलेला लाकडी ठोकळा आणा, वीतभर लांब. वाफ दिली की तो शिलाईवर ठेवून दाबा. लाकूड ओल शोषून घेतं आणि उष्णता धरून ठेवतं. काठपदर साडीच्या जाड ब्लाऊजपीसवर किंवा खणावर याचा फरक बघाल तर ठोकळा हातातून खाली ठेवणार नाही.

तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मला अजिबात जुनाट वाटत नाही. कोळशाच्या पितळी इस्त्रीला टाकी नव्हती, पण वाफ होती. ओंजळीतलं पाणी शिंपडून कापड गुंडाळून ठेवायचं, किंवा ओलं करून घट्ट पिळलेलं मलमलचं फडकं कापडावर पसरायचं आणि त्यावरून इस्त्री दाबायची. वाफ फडक्यातून निघते आणि खालच्या कापडात जाते. पाणी किती हवं हे हात ठरवतो आणि क्षाराचा थेंब फडक्यातच अडकतो. आजही कॅनव्हास किंवा फ्युझिंग (कापड ताठ ठेवायला आतून लावतात तो थर) चिकटवताना मी याच पद्धतीवर जास्त विश्वास ठेवते. दमट फडकं, दहा-पंधरा सेकंद एका जागी दाब, मग उचलून पुढची जागा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत कापड हलवायचं नाही. सासूबाईंना विचारा त्या पाणी किती शिंपडायच्या, कापड किती वेळ गुंडाळून ठेवायच्या. त्यांच्या हाताचा तो अंदाज तुम्हाला कुठल्या वर्गात मिळणार नाही.

आता घरातली अडचण. पत्राच्या मधे तुम्ही लिहिलंय की दर शिलाईला इस्त्री काढायला संकोच वाटतो, बिल वाढेल असं सगळे म्हणतात, आणि कपाटातून काढा-घालण्यातच वेळ जातो. मला वाटतं तुमचं खरं अडलंय ते इथे. जी वस्तू कपाटात असते ती कामाच्या मधे वापरली जात नाही. बिलाचा हिशेब कागदावर मांडून घरात दाखवा. १६०० वॅटची इस्त्री अखंड तापत राहिली तरी अर्ध्या तासाला ०.८ युनिट होतं. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट ती सारखी चालू-बंद करतो, म्हणजे त्याहून कमीच. एका ब्लाऊजला सगळे दाब मिळून अर्धा तासही लागत नाही. तुमच्या स्लॅबचा दर लावा, ब्लाऊजमागे किती रुपये पडतात ते काढा आणि शिलाईत धरा. दोरा आणि हूक तुम्ही धरताच ना? इस्त्रीची वीजही तशीच, कामाची आहे. ती घरखर्चात लपवली की दर वेळी अपराधी वाटतं.

सकाळच्या शर्टांची इस्त्री वेगळी करा. स्टार्च आणि रेशीम एकाच प्लेटवर नकोत. घरात जुनी ७५० किंवा १००० वॅटची कोरडी इस्त्री पडली असेल तर ती शर्टांना द्या. नसेल तर ती घ्या. मोठ्या इस्त्रीच्या कितीतरी कमी पैशांत येते. यजमानांनी ही स्टीम इस्त्री तुमच्या शिवणासाठी आणली होती. तिला तिच्या कामावर ठेवा, आणि हे त्यांना सरळ सांगा. ‘आहे ती वापर’ या त्यांच्या म्हणण्याला तुमचं हेच उत्तर असू दे की वापरते, पण ती मशीनपाशी राहील.

जागा फार लागत नाही. मशीनच्या काटकोनात, उभं राहिल्यावर कमरेच्या उंचीला येईल असं दीड-दोन फुटांचं फळकूट पुरतं. त्यावर घोंगडी दुहेरी घालून ताणून बसवा आणि वर धुतलेली, स्टार्च नसलेली जुनी सुती चादर. लोकर वाफ आणि उष्णता धरून ठेवते, त्यामुळे खालच्या बाजूनंही कापडाला ऊब मिळते. नवी घोंगडी असेल तर आधी धुऊन तिचा रंग जातो का ते बघा. सनमायकाच्या टेबलावर थेट वाफेचं काम नको, थर सुटतो. दर टाक्याला उठायची गरजही नाही. दोन ब्लाऊज एकदम घ्या, सगळे टक्स शिवा, मग उठून सगळे दाबा. खांदे शिवा, पुन्हा दाबा. उठबस झाली की पाठही मोकळी होते. मी वर्गातल्या मुलींना हेच सांगत असे आणि ज्या ऐकत त्यांची कंबर टिकली.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. तुमची इस्त्री कोणत्या प्लगवर लावता? १६०० वॅटला २३० व्होल्टवर जवळजवळ ७ ॲम्पिअर लागतात. नेहमीचा छोटा सॉकेट ६ ॲम्पिअरचा असतो. तिला १६ ॲम्पिअरचाच पॉइंट हवा, अर्थिंगसकट. कन्व्हर्टर पिन लावून एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन, दिवा आणि इस्त्री एकत्र चालवत असाल तर ते बंद करा. बोर्ड आतून वितळतो आणि बाहेरून काही दिसत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून मशीनजवळ एक पॉइंट काढून घ्या. ताई, हा खर्च बाटलीच्या इस्त्रीच्या आधीचा आहे. आणि वायर टेबलाच्या पुढे लोंबू देऊ नका, मुलाच्या हाताला लागेल.

आता राहिली खरेदी. उभा स्टीमर घेऊ नका. तो टांगलेल्या कपड्याची मरगळ घालवतो, साडी किंवा मखमलीचा तयार ब्लाऊज ताजा करतो. पण खाली कठीण जागा नाही आणि वरून दाब नाही, त्यामुळे शिलाई बसवणं त्याच्यानं होत नाही. तुमची अडचण तशीच राहील.

बाटलीची इस्त्री चांगली असते, यात वाद नाही. बाटलीत पाण्याचे क्षार ओढून घेणारे रेझिनचे दाणे असतात, ते रंग बदलले की बदलायचे. इस्त्री जड असते, त्यामुळे दाबायला आपला जोर कमी लागतो. पण तिला बाटली टांगायला भिंतीत पक्का हूक हवा, नळी आणि वायर सांभाळायला मोकळी जागा हवी. ती दिवसभर चालू ठेवायच्या कामासाठी बनवलेली आहे, आपोआप बंद होणं तिच्यात सहसा नसतं. तुमच्या महिन्याच्या पंधरा-वीस ब्लाऊजसाठी मी आज ती घेणार नाही. आहे त्या इस्त्रीवर सहा महिने मधे-मधे दाबत काम करा. काम रोजच्या तीन-चार ब्लाऊजवर गेलं आणि टाकी सारखी भरावी लागू लागली, की ती जरूर घ्या. तेव्हा तुम्हाला तिच्यातून काय हवं आहे हे ठाऊक असेल.

रेशमाबद्दल वेगळं सांगते, कारण तुमची भीती तिथे बसली आहे. रेशमावर निव्वळ स्वच्छ पाण्याचाही डाग पडतो, कापडावरची खळ त्या जागी सरकते आणि कड्यासारखी उमटते. म्हणून रेशमाला माझा नियम असा की वाफेची कळ पूर्ण बंद, टाकीही रिकामी, डायल दोन ठिपक्यांच्या आत, कापड उलटं, वर कोरडं मलमल. वाफ लागलीच तर आधी त्याच कापडाच्या कतरणीवर. त्यासाठी कापताना बोटभर रुंद पट्टी बाजूला काढायची सवयच लावा, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडातून. पैठणीच्या काठाला हात लावण्याआधी जरीचा धागा कशाचा आहे ते बघा. आज पुष्कळदा तो प्लास्टिकच्या चमकत्या पट्टीचा असतो आणि उष्णतेला आकसतो. माझ्या हातून असा एक काठ गेला आहे. तीन ठिपक्यांवर इस्त्री ठेवली आणि उचलली तेव्हा बोटभर काठ सुरकुतून आखडला होता. साडी बाईंच्या आईची होती. मी पैसे दिले, पण त्या बाई काठावरून बोट फिरवत उभ्या होत्या ते मला अजून दिसतं. त्या दिवसापासून पट्टीवर तपासल्याशिवाय मी एकही कापड इस्त्रीखाली घेतलेलं नाही. तुम्हीही त्या चार डागांतून एवढंच घ्या. इस्त्री सोडू नका.

आणखी एक. अस्तर शिवण्याआधी भिजवून वाळवता का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. न भिजवलेलं सुती अस्तर वाफेतच आटायला लागतं आणि वरचं कापड त्याच्यावर चुणतं. अस्तर रात्रभर पाण्यात ठेवा, वाळत घाला, किंचित दमट असताना इस्त्री करा, मगच कापा. टू बाय टू रुबिया या ब्लाऊजच्या कापडालाही हेच. आणि नेहमी काम सुरू करताना इस्त्री तापल्यावर पहिली वाफ जुन्या टॉवेलवर सोडा. लागोपाठ वाफेचे झोत मारू नका, प्लेट थंड होते आणि पुन्हा पाणी येतं.

शेजारणीचं तुम्ही लिहिलंय की त्या आता बोलतात, पण शिवायला काही देत नाहीत. त्यांच्याकडे काम मागायला जाऊ नका, आणि टाळूही नका. इस्त्री साफ झाली, जागा झाली, की एकदा सांगा की डाग का पडला ते मला कळलं आणि मी ते दुरुस्त केलं आहे. पैसे तुम्ही तेव्हाच दिलेत. कारण सांगायचं राहिलं होतं. पुढचं त्यांच्यावर सोडा.

या आठवड्यात गिऱ्हाइकाचं काही हातात घेण्याआधी एक करून बघा. घरातल्या जुन्या कापडाचे दोन तुकडे घ्या, ब्लाऊजच्या पुढच्या भागाएवढे. दोन्हीवर सारखे टक्स शिवा आणि दोन्हीला अस्तर लावा. एका तुकड्याचे टक्स अस्तर लावण्याआधी गोलाईवर दाबा, थंड होऊ द्या. दुसऱ्यावर सगळं झाल्यावर वरून एकदाच इस्त्री फिरवा. दोन्ही सासूबाईंच्या हातात द्या आणि काय केलंय ते सांगू नका. त्या कोणता उचलून बोटानं टक्सच्या टोकावरून फिरवतात ते बघा, आणि मला पुन्हा लिहा.